गेमिंगचा संगणक: कंपनीचा तयार घ्यावा की भाग निवडून जोडावा? (इंदूर)

सुजाता_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. मुलगा इथेच इंदुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम खेळतो हे आहेच, पण कॉलेजच्या कार्यक्रमांचे, ओळखीतल्या लग्न-मुंजींचे व्हिडिओही एडिट करून देतो आणि हल्ली त्याचे थोडेफार पैसे येतात. जुन्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ तयार व्हायला रात्र सरते. म्हणून डेस्कटॉप घ्यायचं ठरलंय. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेत, फक्त सीपीयूचा डबा हवा. बजेट ८५ हजार, ताणून ९०.

घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, एकेक भाग मागवून मीच जोडणार. हे म्हणतात, मोठ्या कंपनीचा तयार घ्या. एक बिल, एक वॉरंटी, बिघडला तर एक फोन. परवा सिल्व्हर मॉलला जाऊन दोन्हींचे भाव काढले. तयार मशीनमध्ये इंटेलचा आय५-१४४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची जागा) आणि आरटीएक्स ५०६० हे ग्राफिक कार्ड आहे. दुकानदाराने जी यादी करून दिली तीत एएमडीचा रायझन ५ ७६००, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि तेच ग्राफिक कार्ड. किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक आहे आणि तोही तयारवाल्याच्या बाजूने. जोडलेला स्वस्त पडतो असं ऐकून होते, इथे तर उलटंच दिसतंय.

ज्यांनी घेतलेत, वापरलेत, त्यांनी कृपया अनुभव लिहा.

निखिल_स्कीम७८

ताई, मुलाचं ऐका. विषय संपला.

विनायककाका

निखिल, विषय एवढ्यात संपत नसतो. नोकरीत असताना ऑफिसच्या संगणकांची खरेदी बरीच वर्षं माझ्याकडे होती. जोडलेली मशीन सुरुवातीला झकास चालते. बंद पडली की दुकानदार म्हणतो रॅम खराब असेल, रॅमवाला म्हणतो मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो, तपासा, बोर्डवाला म्हणतो एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलून बघा. आपण डबा घेऊन आरएनटी मार्गावर या दुकानातून त्या दुकानात. तयार मशीनचा इंजिनिअर घरी येतो आणि काय खराब झालंय हे शोधणं त्याच्या माथी असतं. सुजाताताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत मशीन बंद पडली तर काय, याचा आधी विचार करा.

पोहेप्रेमी

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, बजेट मात्र निम्मं.

अद्वैत_८६

किंमत उलटी का दिसतेय ते सांगतो. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव जगभर उसळले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी एवढी लागायला लागली की कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच आम्ही बंद करतोय. रॅमच्या मागोमाग एसएसडीही महागल्या. आपण दुकानात जाऊन एक रॅम मागतो तेव्हा त्या दिवसाचा भाव मोजतो. मोठ्या कंपन्यांचे मात्र महिनोन् महिन्यांचे करार असतात, गोदामात आधीचा माल पडून असतो. त्यामुळे काही तयार मशीन सध्या खरंच स्वस्त पडतात. "जोडलेला नेहमी स्वस्त" हे आता डोळे झाकून म्हणता येत नाही.

पण ताई, ब्रोशरमध्ये जे लिहिलेलं नाही ते विचारून या. १६ जीबी रॅमची एक स्टिक आहे की ८-८च्या दोन? मदरबोर्ड कुठला? एसएमपीएस किती वॅटचा आणि कोणत्या कंपनीचा? खरी किंमत ह्या तीन उत्तरांत असते. मेमरीला दोन वाटा असतात. एकच स्टिक लावली की एक वाट रिकामी पडते आणि गेममध्ये त्याचा फटका स्पष्ट जाणवतो. तयार मशीनमध्ये एक स्टिक फार वेळा दिसते.

सुजाता_राजेंद्रनगर

अद्वैत, आत्ताच फोन करून विचारलं. एकच स्टिक आहे. मदरबोर्डचं नाव त्यांना सांगता आलं नाही, म्हणाले "कंपनीका अपना आता है". एसएमपीएस ५०० वॅट.

निखिल_स्कीम७८

बघा काका, हेच म्हणत होतो.

हार्डवेअरवाला_बंडू

धंदा ह्याच गल्लीत आहे, त्यामुळे दुकानाचं नाव न घेता लिहितो. आमच्या टेबलावर दोन्ही प्रकारची मशीन रोज उघडतात.

तयार मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड सहसा चांगलंच असतं, कारण गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. हात आखडतो तो बाकीच्या ठिकाणी. बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता शोषणारं हीटसिंक नसतं, रॅमचे दोनच स्लॉट, पुढून बंद कॅबिनेट आणि मागे एकुलता एक पंखा. ज्या कॅबिनेटला पुढे पूर्ण काच आहे त्यातल्या ग्राफिक कार्डाला हवा मिळणार कुठून? मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं, खोलीत एसी नसेल तर कार्ड तापून आपला वेग स्वतःच कमी करतं. मग गिऱ्हाईक येतं, म्हणतं "भिया, गेम अटकतोय". बाजूचं झाकण काढून ठेवलं की तोच गेम सुरळीत चालतो. म्हणून पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. दिसायला साधं असतं, पण मशीन गार राहते. धूळ जाईल ती साफ करता येते.

आता दुसरी बाजू. पोरं स्वतः जोडून आणतात त्यातही ठरलेल्या गोष्टी दिसतात. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी बोर्डाला लावलेली. रॅम शेजारशेजारच्या स्लॉटांत बसवलेली. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. आणि सगळ्यांत जास्त दिसणारी म्हणजे बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचं प्रोफाइल चालू न केलेलं. पैसे ६००० वेगाच्या डीडीआर५चे भरलेले आणि रॅम चालतेय ४८०० वर. दोन मिनिटांचं काम आहे. इंटेलवाल्यांनी एक्सएमपी शोधा, एएमडीवाल्यांनी एक्स्पो.

विनायककाका

बंडू, तुम्ही लिहिलेलं प्रामाणिक आहे, आवडलं. पण मुद्दा तोच राहतो. हे सगळं ज्याला कळतं त्याने जोडावं. आई-वडिलांनी कशाकशाचा अभ्यास करायचा?

लष्करकर

ग्वाल्हेरहून राम राम. आमच्याकडचा उन्हाळा इंदूरला लाजवेल असा, त्यामुळे जाळीच्या कॅबिनेटला माझं जोरदार अनुमोदन.

काका, कळण्याचं म्हणाल तर मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या लेकीने जेवणाच्या टेबलावर मशीन जोडली. ती अकरावीत आहे. तिच्याकडचं जुनं मशीन रायझनचंच, एएम४ सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा जुन्या प्रकारची. आधी ते उघडून काय काय वापरता येतंय ते बघायचं होतं. त्या जुन्या सॉकेटात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वरून कूलर. मधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून घट्ट झाली की कूलर वर ओढताना प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. लेकीने हे वाचून ठेवलं होतं. तिने आधी मशीन सुरू करून थोडा वेळ गेम चालवला, कूलर गरम झाल्यावर बंद केलं, स्क्रू सोडवले आणि कूलर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहिली. पेस्ट सुटल्याचा बारीक आवाज आला तेव्हा वर उचलला. प्रोसेसर जागच्या जागी. मी नुसता टॉर्च धरून उभा होतो.

नवीन एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, त्यामुळे ही भीती गेली. पण त्या बोर्डावरच्या पिना केसासारख्या बारीक असतात, प्रोसेसर हातातून निसटून त्यांवर पडता कामा नये. खूण जुळवायची आणि प्रोसेसर आपल्या वजनानेच बसू द्यायचा, वरून दाबायचं नाही. वैताग दिला तो पॉवर बटणाच्या इवल्याशा जोडण्यांनी. अंधारात चार वेगवेगळ्या वायरी आणि नऊ पिना! तिथे बोर्डाचं पुस्तक उघडावंच लागतं.

आता तिची मशीन कुरकुरली तर ती मला बोलावत नाही, स्वतः झाकण उघडते. आम्हाला पैसे फारसे वाचले नाहीत, पण हे मिळालं.

गौरी_एमजीरोड

लष्करकर, लेकीला शाबासकी सांगा!

पोहेप्रेमी

पेस्ट सुटल्याचा आवाज वाचूनच अंगावर काटा आला. मी तयारच घेतो बुवा.

मंजिरी_बडोदे

मी तयार घेतलेल्यांपैकी. तीन-चार वर्षांपूर्वी भावासाठी सयाजीगंजातून घेतला, एका नावाजलेल्या कंपनीचा. नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी डिस्प्ले गेला तेव्हा काकांनी म्हटलं तसंच झालं, माणूस घरी आला, बोर्ड बदलून गेला, एक पैसा घेतला नाही. आम्ही खूश.

अडचण पुढे आली. भावाला ग्राफिक कार्ड मोठं बसवायचं होतं. एसएमपीएस लहान पडत होता म्हणून बाजारातून चांगला आणला, तर तो बसेचना. त्या कंपनीचा बोर्ड स्वतःच्या मापाचा आणि त्याला वीज देणारा कनेक्टरही स्वतःचाच. नेहमीच्या एसएमपीएसचा २४ पिनांचा कनेक्टर त्यात जातच नाही. बोर्ड बदलावा तर कॅबिनेटमधली छिद्रं जुळत नाहीत. म्हणजे कार्ड बदलायला एसएमपीएस, एसएमपीएस बदलायला बोर्ड, बोर्ड बदलायला कॅबिनेट. शेवटी ती मशीन आईच्या शिकवणीच्या हिशेबांना दिली आणि भावाला नवीन जोडून घेतली.

तयार वाईट असतो असं मी म्हणणार नाही. जशी आहे तशीच पाच वर्षं वापरायची असेल तर खुशाल घ्या. पुढे वाढवायची असेल तर आतले भाग प्रमाणित मापाचे आहेत का, हे आधी बघून घ्या.

अद्वैत_८६

मंजिरीताईंनी मुद्द्याचं सांगितलं. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं आणि तेव्हापासून कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या कॅबिनेटात बसतो. हे सोडून स्वतःचं माप करणाऱ्या मशीनपासून गेमिंगवाल्यांनी लांब राहावं.

सुजाताताई, तुमच्या दोन याद्यांत आणखी एक फरक आहे, तो कुणी बोललं नाही. आय५-१४४००एफ मधल्या त्या एफचा अर्थ प्रोसेसरात स्वतःचं ग्राफिक नाही. ग्राफिक कार्ड वॉरंटीला गेलं की ते परत येईपर्यंत मशीनवर चित्रच दिसणार नाही. रायझन ५ ७६०० मध्ये लहानसं ग्राफिक आहे. गेम चालणार नाहीत, पण कॉलेजचं काम अडणार नाही. काकांनी परीक्षेच्या दिवसांबद्दल विचारलं, त्याचं हे एक उत्तर.

शिवाय १४४००एफ ज्या सॉकेटात बसतो त्याला पुढची पिढी नाही, इंटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सॉकेटवर गेलं. रायझन ७६०० ज्यात बसतो ते एएम५ मात्र २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार असं एएमडीने सांगितलंय. म्हणजे तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलता येईल.

ओंकार_लोकमान्यनगर

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत काहीतरी घोळ होता ना? मशीन आपोआप बंद पडायच्या?

हार्डवेअरवाला_बंडू

होता. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जात होतं. तो मुख्यतः वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरांचा त्रास. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यावर बायोसमधून घ्यायची दुरुस्ती दिली आणि अशा ठराविक प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४४०० साठी घाबरायचं कारण नाही, पण कुठलीही इंटेलची मशीन घेतलीत तरी बायोस नवीन करून मागा.

जुना_खेळाडू

सेकंडहँड ग्राफिक कार्डाबद्दल कुणाचा अनुभव? जेल रोडला एक जण ३०६० देतोय, १२ जीबीचं, फार कमी किमतीत.

निखिल_स्कीम७८

बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस घासलेली कार्डं बाजारात लोटली गेली, त्यातली अजून फिरतायत. घ्यायचंच असेल तर त्याच्या दुकानात अर्धा तास जड गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, मागचे स्क्रू कुणी उघडलेत का ते पाहा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा.

जुना_खेळाडू

धन्यवाद. चालवून दाखवायला तो तयार नाही.

निखिल_स्कीम७८

मग उत्तर मिळालं तुम्हाला.

पोहेप्रेमी

पण १२ जीबी म्हणजे ५०६० पेक्षा जास्तच की! ताईंनी तसं घेतलं तर?

अद्वैत_८६

मेमरी जास्त, वेग कमी. गेमसाठी ५०६० बरंच पुढे आहे. पण ताईंच्या मुलाच्या व्हिडिओच्या कामात कार्डाची मेमरी खरंच उपयोगी पडते. फोर-के व्हिडिओवर दोन-चार इफेक्ट चढवले की ८ जीबी भरते आणि सॉफ्टवेअर तक्रार करायला लागतं. बजेट ताणता आलं तर ५०६० टीआयचं १६ जीबीवालं किंवा एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी बघा. एडिटिंगची सॉफ्टवेअरं एनव्हीडियावर, म्हणजे आरटीएक्सवाल्या कार्डांवर, जास्त निर्धास्त चालतात, त्यामुळे मी पहिलं निवडेन. ह्या दोन्ही कार्डांचे ८ जीबीचे प्रकारही त्याच नावाने विकले जातात, बिलावर १६ लिहिलंय ना ते बघा.

ओंकार_लोकमान्यनगर

मुलाला हळूच एक विचारा ताई, एडिटिंगसाठी कॅबिनेटमध्ये किती रंगांचे दिवे लागतात म्हणतो? आमच्याकडे तर घटस्थापनेला वेगळी रोषणाई करावी लागत नाही.

सुजाता_राजेंद्रनगर

ओंकार, यादीत चार पंखे रंगीत आहेत, मीही बघितलं! त्याबद्दल बोलणी चालू आहेत.

एक विचारते. दुकानातूनच भाग घेऊन तिथेच जोडून घेतलं तर? म्हणजे मुलाच्या मनासारखे भाग आणि ह्यांच्या मनासारखी जबाबदारी? दुकानदार जोडायचे वेगळे पैसे घेणार नाही म्हणाला.

हार्डवेअरवाला_बंडू

ताई, इंदुरात बहुतेक लोक हेच करतात. फक्त तीन गोष्टी पक्क्या करा.

बिल जीएसटीचं, प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर वेगळा लिहिलेला. "गेमिंग पीसी १ नग" असं बिल घेऊ नका. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक कार्ड यांना साधारण तीन वर्षं, बऱ्या एसएमपीएसला पाच किंवा त्याहून जास्त. तयार मशीनला सगळं मिळून बहुधा एकच वर्ष. दुकान उद्या बंद झालं तरी सीरियल नंबर असलेल्या बिलावर तुम्ही थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ शकता.

दुसरं, सगळे रिकामे खोके घरी घेऊन या. पोरं उत्साहात फेकून देतात. वॉरंटीच्या वेळी सीरियलचं स्टिकर त्यावर असतं, पुढे विकताना भावही येतो.

तिसरं, प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची तीच वॉरंटी मिळेलच असं नाही.

आणि मुलाला जोडताना समोर उभा राहू द्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आम्ही तर शेवटचे स्क्रू पोरांनाच लावायला देतो.

वकिलीण_ग्वाल्हेर

बंडूभाऊंच्या बिलाच्या मुद्द्याला कायद्याची जोड देते. बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असतं ना, सदोष मालाच्या बाबतीत ते टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवली की पुष्कळ वेळा दुकानदार किंवा कंपनी तडजोडीला येते. त्यामुळे पहिल्या महिन्यात मशीन रोज भरपूर वापरून घ्या. जे बिघडायचं असेल ते बिल ताजं असताना बिघडू द्या.

विनायककाका

हे मात्र मला नवीन कळलं. सीरियल नंबरचं बिल आणि भागागणिक तीन वर्षं असतील तर जोडलेल्याची बाजू मी समजत होतो त्यापेक्षा भक्कम आहे. तरी घरपोच इंजिनिअर तो नाहीच. डबा उचलून न्यायला मुलगा घरी आहे म्हणून ठीक. आम्हा दोघांसारखं म्हातारं जोडपं असेल तर मी आजही तयारच सुचवेन.

मंजिरी_बडोदे

काका, शंभर टक्के. आईसाठी आम्हीही तयारच ठेवला आहे.

गौरी_एमजीरोड

लॅपटॉपचा विचार केला का? गेमिंगचे लॅपटॉप ह्याच बजेटात येतात.

निखिल_स्कीम७८

गौरीताई, मुलगा होस्टेलला असता तर मीही तेच म्हटलं असतं. घरात राहूनच काम करायचंय तर नको. लॅपटॉपमधल्या कार्डाचं नाव तेच असतं, ताकद तेवढी नसते. आरटीएक्स ४०६०चंच बघा, डेस्कटॉपचं ११५ वॅटचं; लॅपटॉपमध्ये कंपनी ३५ वॅटांपासून पुढे काहीही देऊ शकते आणि खोक्यावर ते ठळक लिहीत नाही. वर रॅम सोल्डर केलेली असली तर वाढवणं विसरा.

सुजाता_राजेंद्रनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघे परत जाऊन आलो. मुलाची यादी, जोडणार दुकानात, तो शेजारी उभा राहणार. रायझन ७६००, जाळीचं कॅबिनेट, ८-८च्या दोन स्टिक. ग्राफिक कार्ड ५०६० टीआय १६ जीबी घ्यायचं म्हणून एसएसडी सध्या ५१२वर आणली आणि रंगीत पंखे गेले. ह्यांनी प्रत्येक सीरियल नंबर बिलावर येणार असं कबूल करून घेतलं, त्यावर ते खूश आहेत.

अजून दोन शंका. दुकानदार ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवतोय, ज्याचं नाव मी ऐकलं नाही. त्याच भावात नावाजलेल्या कंपनीचा ६५० मिळतोय. आणि यूपीएस घ्यावा का? आमच्या भागात वीज फार जात नाही, पण पावसाळ्यात दिवे मंद-तीव्र होतात.

अद्वैत_८६

६५० नावाजलेल्या कंपनीचा. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १८० वॅटचं, बाकी सगळं धरून तुमची मशीन चारशेच्या आतच राहील. खोक्यावरचा मोठा आकडा खरा असेलच असं नाही. ८० प्लसचा शिक्का बघा, पण तो विजेची बचत सांगतो, बांधणी कशी आहे ते सांगत नाही. एसएमपीएसची वॉरंटी किती वर्षांची, त्यावरून कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते कळतं.

लष्करकर

यूपीएस घ्याच. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात संध्याकाळी व्होल्टेज कसं नाचतं ते मी बघतो. ६०० व्हीएचा घेऊ नका, तो जेमतेम ३६० वॅटचा असतो, मॉनिटर धरून गेम चालू असताना वीज गेली तर तोही बसेल. १००० किंवा ११०० व्हीएचा बघा. चांगल्या एसएमपीएसना काही स्वस्त यूपीएसचा करंट मानवत नाही आणि वीज जाताच मशीन बंद पडते. म्हणून घेताना सांगा की माझा एसएमपीएस हा आहे, आणि घरी आल्यावर गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करून बघा. त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतलं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा.

हार्डवेअरवाला_बंडू

ताई, एक आधीच सांगून ठेवतो. एएम५ची मशीन पहिल्यांदा सुरू केली की रॅम तपासत बसते. पंखे फिरतील, स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. घरच्यांना वाटतं बिघडली आणि मेन बटण बंद करतात, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दुकानात एकदा झालेलं असलं तरी बायोस नवीन केल्यावर किंवा रॅम बदलल्यावर परत तसंच होईल. थांबायचं, हात लावायचा नाही.

घरी नेताना गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि काच वर येईल असं. कार्ड जड असतं, उभं नेलं तर खड्ड्यात स्लॉटवर ताण येतो.

पोहेप्रेमी

बंडूभाऊ, ४५ हजारांत काय होईल? ग्राफिक कार्ड नंतर घेतलं तर चालेल, फक्त वॅलोरंट खेळायचाय.

हार्डवेअरवाला_बंडू

चालेल. रायझन ५ ८६००जी बघा, त्यातलं ग्राफिक वॅलोरंटला पुरून उरतं. पण त्यात रॅमच्या दोन स्टिक हव्यातच, कारण ते ग्राफिक रॅमच वापरतं. आणि एसएमपीएस आत्ताच चांगला ५५० वॅटचा घ्या, म्हणजे पुढे कार्ड आणलं की नुसतं बसवायचं. रॅमचा भाव रोज हलतोय, यायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.